खेळायची तालीम

माणसं आपल्या लहानपणाबद्दल लिहायला बसली की भाकरीचा वास, गोठ्याचा वास, नव्या वहीचा वास असं काय काय सांगतात. माझ्या सोळाव्या वर्षाला डांबराच्या गोळ्यांचा वास आहे. आमच्या गावच्या बालवाडीत खेळण्यांची एक पत्र्याची पेटी होती. झाकण उघडलं की आधी तो वास बाहेर यायचा आणि मग खेळणी दिसायची: लाकडी ठोकळे, चाकांचं बदक, डोळे मिटणारी बाहुली, रंगीत मणी आणि खुंटीवर एकावर एक चढवायच्या पाच रिंगा. खेळण्यांना कसर लागू नये म्हणून माझ्या मायनं त्यात गोळ्या टाकल्या होत्या. लाकडाला आणि प्लॅस्टिकला कसर कशी लागेल, हे तिला कुणी विचारलं नाही, कारण पेटी उघडायचीच नव्हती. आजही कुणाच्या कपाटातून तो वास आला की मला मळमळतं आणि सूनबाईला वाटतं, सासूबाईंना पित्त झालं.

माय त्या बालवाडीची बाई. आमच्या वस्तीत नोकरीला लागलेली पहिली बाई, शिक्षण सातवी. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याकाठचं आमचं गाव, बाबा त्याच कालव्यावर पाटकरी, शेतांना पाणी सोडणारे. बालवाडी भरायची ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत. आमच्या बौद्धवाड्यात भरवली तर गावातली लेकरं येणार नाहीत आणि गावात कुणी ओसरी देणार नाही, म्हणून ही मधली जागा. गावातल्या एका मोठ्या घरची सून या नोकरीवर डोळा ठेवून होती आणि तो डोळा तिनं कधीच काढला नाही. खोलीच्या दारात तीन दगडांची चूल मांडून माय लेकरांसाठी सुकडी शिजवायची. काही घरं लेकरांना पाठवायची, पण बाईच्या हातचं खायचं नाही अशी ताकीद देऊन. लेकरं पोटभर खायची आणि घरी जाऊन खाल्लं नाही म्हणून सांगायची. खोटं बोलायचं पहिलं शिक्षण त्यांना आमच्याच बालवाडीत मिळालं, आणि ते मात्र खरोखर खेळाखेळात मिळालं.

पेटी आली त्या पहिल्या महिन्यात माय ती रोज उघडायची. मग एक दिवस बदकाचं एक चाक सापडेना. दुपारपर्यंत चार माणसं चावडीवर जमली. "बाईनं घरी नेलं आसंल, तिच्या लेकरायला," असं एकजण म्हणाला, आणि बाकीच्यांनी नाही म्हटलं नाही. दोघंजण आमच्या घरी येऊन उतरंड खाली काढून बघून गेले. मी तेव्हा चुलीपाशी बसले होते. मडक्यांतलं धान्य हातानं चाळताना त्यांच्यातला एकजण माझ्याकडे बघून हसला, कशासाठी ते मला आजही कळलेलं नाही. चाक दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या नालीत सापडलं. ते बसवून मायनं पेटीला कुलूप घातलं, किल्ली पदराला बांधली, आणि त्यानंतर पेटीत गोळ्या टाकायच्या तेवढ्यापुरती ती उघडली. मी मायला दोष देत होते आणि देते, पण ती उतरंडही मला आठवते.

मी त्या वर्षी दहावीला गणितात गचकले होते आणि घरी बसून होते. सकाळी बाबा खांद्यावर फावडं टाकून कालव्याकडे निघायचे. माय ज्वारीच्या भाकरी थापायची, तव्यावर अंबाडीची भाजी परतायची, आणि तेवढ्यात गावच्या चक्कीचं इंजिन टुकटुक करायला लागायचं. ते टुकटुक सुरू झालं की बालवाडीची वेळ झाली, आमच्याकडे घड्याळाचं काम चक्कीच करायची. घरी बसून पोरगी बिघडेल म्हणून माय मला मदतीला सोबत न्यायची. मला ते मनापासून आवडायचं, हे इथे कबूल करून टाकते. गणितात नापास झालेल्या पोरीला एकोणीस लेकरांवर हुकूम चालवायला मिळणं ही लहान गोष्ट नव्हती.

आम्ही शिकवायचो काय, तर बसायला. हाताची घडी, तोंडावर बोट. तरटाच्या दोन लांब पट्ट्या समोरासमोर अंथरलेल्या, एका पट्टीवर गावातली लेकरं, दुसरीवर आमच्या वस्तीतली आणि भोयांची. तसं बसा असं कुणी सांगितलं नव्हतं, पण तसं बसू नका असंही कुणी सांगितलं नव्हतं. चार वर्षांची लेकरं 'बे एके बे' म्हणायची, पुढेमागे डुलत, नाक पुसायलाही हात सोडायची परवानगी नव्हती म्हणून शेंबूड ओठावर. सुकडीचा करपट वास, ओल्या चड्ड्यांचा वास आणि तो बेचा पाढा. ते चित्र डोळ्यांसमोर आलं की मला शिसारी येते, आणि शिसारी लेकरांची नाही, पट्ट्यांच्या मधून छडी घेऊन फिरणाऱ्या त्या सोळा वर्षांच्या पोरीची येते.

त्या लेकरांत एक चंदी होती. भोयाची, साडेचार वर्षांची. बाप धरणात मासे धरायचा आणि आई ते शिरड शहापूरच्या बाजारात विकायची. पहिल्या दिवशी तिला सोडायला आली तेव्हा तिची आई म्हणाली, "बाई, हिला जरा बसायला शिकवा. सुतळी दिसली की गाठी मारीत बसती. दुसरं काई सुचत न्हाई हिला." चंदी पाढ्यातलं एक अक्षर बोलायची नाही. माय समोर बसून म्हणायची, "बे चोक?" आणि चंदी तिच्या तोंडाकडे असं बघायची की प्रश्न मायलाच पडला असावा. पण ती पट्टीच्या टोकाला बसायची आणि तरटातली एकेक सुतळी हळूच ओढून काढायची. महिन्याभरात तिनं हातरुमालाएवढं जाळं विणलं. खरं जाळं, सारख्या गाठींचं. मला आज साठी उलटल्यावरही तशी गाठ मारता येत नाही.

माय चुलीपाशी आणि मी हंडा भरायला गेले की त्या जाळ्याचा खेळ सुरू व्हायचा. हे मला नंतर कळलं, एकदा अर्धाच हंडा भरून परत आले तेव्हा. लेकरं खोलीभर मासे होऊन पळत होती आणि चंदी जाळं फेकत होती. डोक्यावर जाळं पडलं की मासा धरला गेला. धरलेल्या माशांना ती जोडीजोडीनं भिंतीला बसवायची, बापाची गिऱ्हाइकं जोडीनं मासे घ्यायची म्हणून. सरपंचाचा नातू आणि आमच्या वस्तीतला एक पोरगा एकमेकांच्या गळ्यात हात टाकून एका जोडीत बसले होते. मग ती बोट दाखवत मोजायची, ठसक्यात, बाजारात बसलेल्या बाईसारखं: "एक जोडी, दोन जोडी, तीन जोडी, चार जोडी. आठ मासं झाले. हे एक सुटं ऱ्हायलं, हे ल्हान हाये. सोडा त्याला पान्यात." आणि ते सुटं लेकरू ओरडत पुन्हा पळायला मोकळं. बे चोक आठ तिच्या तोंडात होतं, भागाकार होता, बाकी होती, आणि बाकीचं काय करायचं याचा शहाणपणासुद्धा होता. मी दारात हंडा घेऊन उभी होते आणि मला फक्त उसवलेली पट्टी दिसली.

पुढे मी स्वतः तीस वर्षं बालवाडीची बाई होते आणि शेवटी शेवटी इतर बायांना प्रशिक्षण द्यायला मला बोलवायचे. विषय ठरलेला, खेळातून शिक्षण. हॉलमध्ये साठ बाया ओळीनं बसायच्या, मी फळ्यावर खेळाचे फायदे लिहायचे आणि त्या मान खाली घालून उतरवून घ्यायच्या. एकदा मी म्हटलं, चला, सगळ्या उठा, आपण लपंडाव खेळू. एक बाई म्हणाली, "मॅडम, ते वहीत लिवायचं का?" मी हसले नाही. मला तिचा राग आला नाही, स्वतःचा वीट आला. चंदीची गोष्ट मी त्या साठ बायांना कधी सांगितली नाही, आणि ती सोडून जे काही सांगितलं ते सगळं पोकळ होतं.

तर, जिल्ह्याच्या मोठ्या बाई बालवाडी बघायला येणार असं पत्र आलं. त्यांच्या अहवालावर बालवाडी मायकडे राहणार की दुसऱ्या कुणाकडे जाणार हे ठरणार होतं, आणि ती दुसरी कोण हे गावात सगळ्यांना माहीत होतं. पत्रात लिहिलं होतं की मुले मुक्तपणे खेळताना दिसावीत. मायनं ते मला दोनदा वाचायला लावलं.

"मुक्तपने म्हंजी?"

"म्हंजी आपल्या मनानं."

"आपल्या मनानं खेळली आन् मोडलं मंग?" मायनं पदराची किल्ली बोटांत फिरवली. मग म्हणाली, "सुमे, तू शिकीव त्याह्यला. कसं खेळायचं ते. मोडनार न्हाई आसं, बराबर."

आणि मी शिकवलं. आठ दिवस. कुणाच्या वाट्याला कोणतं खेळणं ते ठरवलं. बदक ओढायचं ते चार पावलं, पाचव्याला थांबायचं, कारण पाचव्या पावलावर फरशी फुटकी होती. बाहुलीला तीनदा आडवी करायची, डोळ्यांत बोट घालायचं नाही. ठोकळे तीनच रचायचे, चौथा रचला तर पडतात. रिंगा मोठीपासून बारकीपर्यंत चढवायच्या, टाळी वाजवायची, उतरवायच्या. पहिले तीन दिवस तर खेळणी झिजू नयेत म्हणून आम्ही खेळण्यांशिवायच तालीम केली. गंमत म्हणजे लेकरांना त्यातच मजा आली. सरपंचाचा नातू मोकळी मूठ ओढत चार पावलं गेला आणि वर बघून म्हणाला, "माहं बदक उडून गेलं, ताई." सगळी लेकरं छताकडे बघायला लागली. मी म्हणाले, "बदक उडत न्हाई. वढ गुमान."

सूनबाई परवा मला मोबाइल दाखवत होती. माझी नात हिंगोलीत ज्या नर्सरीत जाते तिथून रोज फोटो येतात. फोटोत घसरगुंडीवर सहा लेकरं एकामागे एक बसलेली, सगळी हसतायत. मी नातीला विचारलं, घसरलीस का गं? ती म्हणाली, नाही, फोटो झाला की उतरायचं, मग मिस साखळी लावते. साडेतीन वर्षांची आहे. तिला घरी अक्षरं गिरवायला दिली जातात आणि हसायला शाळेत शिकवतात. त्या नर्सरीच्या नावातसुद्धा खेळ आहे. मला त्या मिसला चार शब्द सुनवायचे होते, पण कोणत्या तोंडानं सुनवू?

चौथ्या दिवशी खेळणी हातात दिली. चंदीच्या वाट्याला रिंगा. तिनं पहिल्याच खेपेला पाचही रिंगा बिनचूक चढवल्या, माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या दृष्टीनं ते काम तिथे संपलं. मी दुसऱ्या लेकरांकडे वळले. परत बघते तर तिनं रिंगा उतरवून आपल्या जाळ्याच्या कडेला बांधल्या होत्या. जाळ्याला वजन लागतं, वजन नसेल तर ते पाण्यात नीट पडत नाही, हे तिनं बापाकडे बघून घेतलेलं होतं. तिनं जाळं फेकलं आणि ते पहिल्यांदाच गोल उघडून पडलं. तिचा चेहरा असा उजळला की मला तो आजही जसाच्या तसा आठवतो. मी जाळं हिसकावलं. हिसकाहिसकीत एक रिंग भिंतीला घासली आणि तिचा लाल रंग नखाएवढा खरवडला गेला. माय चुलीवरून धावत आली, रिंग हातात घेऊन उजेडात बघितली आणि खरवडलेली जागा पदरानं पुसायला लागली.

मायचा तो चेहरा बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी जाळ्यातून रिंगा सोडवल्या, जाळं उसवलं, आणि त्याच सुतळीनं चंदीचे दोन्ही हात मनगटापाशी बांधले. "आपल्या मनानं काई केलं की आसेच हात बांधीन," असं म्हणाले. ती रडली नाही. तिची पाळी आली की मी हात सोडायचे, ती रिंगा चढवायची, टाळी वाजवायची, उतरवायची, आणि मी पुन्हा बांधायचे. उरलेले सगळे दिवस हेच. बांधायला लागल्याच्या तिसऱ्या दिवसापासून तर मला सांगावं लागेना, ती मनगटं जुळवून आपणच पुढे करायची. मला वाटलं, शिकली. मायनं एकदा विचारलं, "दुखत न्हाई ना तिला?" मी म्हणाले, "न्हाई." आम्हा दोघींपैकी कुणीही ते चंदीला विचारलं नाही.

मोठ्या बाई आल्या त्या दिवशी खोली धुऊन काढली होती, लेकरांची तोंडं तेलानं चकाकत होती. बाई वाईट असत्या तर हे लिहायला सोपं गेलं असतं. त्या फार चांगल्या होत्या. खुर्ची सरकवून लेकरांजवळ तरटावर बसल्या, मायला "तुम्ही बसा ना" म्हणाल्या, हे तर गावात कुणी कधी म्हटलं नव्हतं. मी टाळी वाजवली आणि एकोणीस लेकरं खेळली. बदक चार पावलं गेलं, बाहुली तीनदा झोपली, ठोकळे तीन रचले गेले. चंदीनं रिंगा चढवल्या, टाळी वाजवली, उतरवल्या. बाई खूश झाल्या. मग चष्मा काढून, अगदी प्रेमानं म्हणाल्या, "छान. आता तुमच्या तुमच्या मनानं खेळा बरं. मी नुसती बघते."

कुणी हललं नाही. अठरा लेकरं माझ्या तोंडाकडे बघत होती. आणि चंदी उठली, दोन पट्ट्यांच्या मधून चालत माझ्यापुढे येऊन उभी राहिली, आणि तिनं दोन्ही मनगटं जुळवून माझ्यासमोर धरली.

"ही काय करते आहे?" बाईंनी विचारलं.

"नमस्कार करून राहिली, बाई," मी म्हणाले. "सवय हाये तिला."

बाई गुडघ्यांवर सरकत तिच्याजवळ आल्या, आपलेही हात जोडले आणि म्हणाल्या, "नमस्कार, बाळा. किती गुणाची आहेस." चंदीनं हात खाली केले नाहीत. ती बाईंकडे बघतच नव्हती. मी सुतळी आणायची ती वाट बघत होती.

शेरेबुकात बाईंनी लिहिलं की मुले शिस्तीने व आनंदाने खेळतात आणि खेळणी उत्तम स्थितीत आहेत. बालवाडी मायकडेच राहिली. लेकरांना कसं खेळवायचं ते बघायला आजूबाजूच्या गावांच्या बाया आमच्याकडे येऊन गेल्या, आणि पुढे शेजारच्या गावात बालवाडी निघाली तेव्हा ती बाईंनी मला दिली. माझी सगळी नोकरी, माझं घर, पोरांची शिक्षणं त्या जुळलेल्या दोन मनगटांवर उभी आहेत. हे मी कुणापुढे कधी बोलले नव्हते.

त्या दिवशी आम्ही दोघी घरी निघालो. कालव्याच्या पुलावर माय थांबली आणि म्हणाली, "नमस्कार व्हता का त्यो?"

"न्हाई."

"मंग मला काहून न्हाई सांगितलं?"

"तू बगितलं व्हतं, माय," मी म्हणाले. ती पुढे चालायला लागली. संध्याकाळी तिनं आमच्यासाठी भाकरी केल्या, गरम येसराची आमटी वाढली, बाबांना शेऱ्याची बातमीही सांगितली, आणि स्वतः मात्र जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पाढे सुरू व्हायच्या आधी, मायनं पदराची किल्ली सोडली आणि पेटी उघडून झाकण तसंच उघडं ठेवलं. मग तिनं, मी उसवलेल्या जाळ्याची सगळी सुतळी कोपऱ्यातून गोळा केली आणि चंदीपुढे आणून ठेवली. तिच्यासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "घे, माझे बाई. कर तुझं जाळं. मोडलं तर मोडलं, कोनी काई म्हननार न्हाई."

चंदीनं मायकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग तिनं ती सुतळी उचलली, हाताच्या पंजाभोवती शिस्तीत गुंडाळली, धरणावर तिचा बाप गुंडाळत असेल तशी. गोळा झाला तेव्हा उठली, पेटीपाशी गेली, आणि बदक आणि बाहुलीच्या मधे, गोळ्यांच्या त्या वासात, तो नीट ठेवला. झाकण तिच्यासाठी जड होतं. तिनं ते दोन्ही हातांनी ओढून बंद केलं, पट्टीच्या टोकाला आपल्या जागेवर येऊन बसली आणि हाताची घडी घातली.